छताखालची पाचोरा–जामनेर

फैजपूरला रेल्वे नाही, आणि नसलेल्या गोष्टीचंही एक नातं असतं. दिवसा ती आठवत नाही. रात्री वारा पडला, गल्लीतली कुत्री गप्प झाली, की सावद्याच्या बाजूने एखाद्या मालगाडीचा भोंगा येतो, आणि अंथरुणात पडल्यापडल्या गाव त्या गाडीला निरोप देतं. आमची केळी तिच्यातून दिल्लीला गेली, आमची पोरं तिच्यातून पुण्या-मुंबईला गेली, पण ती स्वतः कधी आमच्याकडे आली नाही. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नंदलाल बोसांनी बांबू आणि तट्टे लावून टिळकनगर उभं केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तेही सावद्याला गाडीतून उतरले आणि पुढे बैलांच्या रथातून आले. इतिहासालासुद्धा आमच्या गावी यायचं तर शेवटचा टप्पा बैलांच्या हवाली करावा लागतो, हे मला लहानपणापासून मोठं मानाचं वाटत आलं आहे.

तेव्हा रेल्वे जर आणायचीच, तर ती घरातच आणावी हे उघड होतं. जमीन संपादनाचा प्रश्न मात्र सगळ्याच रेल्वेंना असतो, तसा तो इथेही आला. बैठकीच्या खोलीत जमिनीवर आईचे पापड, पडवळीचं बी, मधूनच एखादं पोतं, आणि दुपारी चार वाजता आडवी होणारी निम्मी गल्ली. टेबलावर घ्यावं तर टेबल एकच, आणि त्यावर मुलीची दहावी मांडलेली. उरली ती हवा. आमचं घर धाब्याचं, जुन्या सागाच्या खांबांवर उभं. भिंती मातीच्या आणि हातभर जाड. तीन भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या वर, एक अरुंद फळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तिच्यावर पितळी हंडे, घागरी, उतरत्या मापाचे डबे असे ओळीने उभे, की कुणी पाहुणा आला तर त्याने मान वर करून एकदा या घराची ऐपत मोजावी. पाहुणे आता मान खाली घालून मोबाइल पाहतात. ऐपत वर नुसतीच काळवंडत होती.

मिस्तरींना बोलावलं. चौथ्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या वरून तीच फळी पुढे न्यायची आणि चौकोन पुरा करायचा, एवढंच काम. त्यांनी पाण्याने भरलेली नळी दोन टोकांना धरून पातळी पाहिली आणि सांगितलं, "भाऊ, तुमची फळी पूर्वेला दोन बोटं खाली हाये. हंडे काही बोलले नाहीत इतकी वर्षं." खरंच होतं. भांड्यांना घाट चढायचा नसतो. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून सगळे ब्रॅकेट त्यांनी खांबांत ठोकले, आणि चारही कोपऱ्यांत पाव वर्तुळाच्या फळ्या बसवल्या, कारण हंडा काटकोनात सुखाने राहतो, गाडीला मात्र वळण लागतं. काम संपल्यावर चहा पिता पिता त्यांनी हळूच विचारलं, "पण ठेवायचं काय हाये यावर?" मी म्हणालो, रेल्वे. ते थोडा वेळ बशीत पाहत राहिले. मग म्हणाले, "मग वजन काही जास्त नाही."

आता कुठली रेल्वे, हा प्रश्न वाटतो तितका भावनिक नाही, गणिती आहे. जगात घरगुती आगगाड्यांचं सगळ्यांत चालतं माप एचओ. त्यात खरी वस्तू सत्त्याऐंशीपट लहान होते आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर येतं. युरोपातल्या गाडीला हे चपखल, कारण तिथला प्रमाण रूळ १४३५ मिलिमीटरचा. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. तिला सत्त्याऐंशीने भागलं तर एकोणीस मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे भुसावळच्या शेडमधलं एखादं धिप्पाड इंजिन या रुळांवर ठेवायचं तर त्याच्या पायात परदेशी मापाचे, दोन नंबर लहान बूट घालावे लागतात. पुष्कळ हौशी लोक ते घालतात आणि काही बिघडत नाही. पण मला त्या इंजिनाकडे पाहून उगाच अवघडल्यासारखं होई. मग एका रात्री वहीत सहज दुसरा भागाकार केला. पाचोरा–जामनेर नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर, भागिले सत्त्याऐंशी. उत्तर आलं पावणेनऊ. आणि नऊ मिलिमीटरचा रूळ तर बाजारात तयार मिळतो, एन गेज म्हणून, त्याहून चिमुकल्या गाड्यांसाठी. दिल्लीच्या राजधानीला जे जमत नव्हतं ते आमच्या पीजेला नेमकं बसलं. गरीब नातेवाइकाला कधी नव्हे तो पंगतीत मधला पाट मिळावा, तसा आनंद झाला मला.

पीजे म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. १९१८-१९ सालांत सुरू झालेली, छप्पन्न किलोमीटरची ही लाइन. पाचोऱ्याला मोठी रेल्वे सोडायची आणि शेजारच्या या धाकटीत बसायचं. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत ती जामनेरला जायची. माझी मावशी शेंदुर्णीची. त्रिविक्रमाच्या यात्रेला आईबरोबर जायचो तेव्हा डब्यात माणसं, बोचकी, एखादी शेळी, आणि शेळीला आपली शेजारीण समजून तिच्याशी बोलणारी एक म्हातारी. गाडीचा वेग असा, की खिडकीतून दिसलेल्या माणसाशी सुरू केलेलं बोलणं पुरं करता यायचं. पिकात कुणी काय पेरलंय, कुणाची विहीर आटली, कुणाच्या बांधावरची बाभूळ तोडली गेली, हे सगळं त्या खिडकीतून वाचून मोठी माणसं एकमेकांना सांगायची. २०२० मध्ये करोनाच्या काळात देशातल्या सगळ्याच गाड्या थांबल्या. बाकीच्या परत निघाल्या. ही निघाली नाही. ही लाइन आता ब्रॉडगेज होणार, पुढे बोदवडपर्यंत जाणार.

तर छप्पन्न किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागले की सहाशे चव्वेचाळीस मीटर होतात. आमच्या खोलीचा फेरा, कोपरे कापून, पंधरा मीटरच्या आसपास. म्हणजे फळीवर चाळीसच्या वर फेऱ्या झाल्या की पाचोऱ्याहून निघालेली गाडी न्यायाने जामनेरला पोचते. वेगही त्याच मापात लहान करायचा. ताशी अठ्ठावीस किलोमीटर धरला, तर फळीवर तो सेकंदाला नऊ सेंटिमीटर होतो. भिंतीवरून मुंगळा जातो त्याहून फार निराळा नाही. हे सगळं हौसेने मांडलं आणि शेवटी वेळ काढली, तर उत्तर आलं: दोन तास. पुन्हा केलं, पुन्हा दोन तास. अंतर लहान झालं, वेग लहान झाला, डबे, दारं, खिडक्या, खिडकीतली माणसं सगळी नखाएवढी झाली, आणि वेळ मात्र जशीच्या तशी, पूर्ण मापाची. शेंदुर्णीला पोचायला त्या काळी जेवढं ताटकळायचं, तेवढंच आज झोपाळ्यावर बसून ताटकळायचं. मला यात एक गूढ शिस्त दिसली. माणसाला काय काय आटोपशीर करता येईल याची यादी मोठी आहे, पण वाट पाहणं त्यात बसत नाही.

त्यानंतर मला नादच लागला, कोणकोणत्या गोष्टी लहान व्हायला नकार देतात हे शोधण्याचा. पहिला उन्हाळा. खानदेशातला मे महिना पंचेचाळीस अंशांचा, आणि छताखाली तो जरा जास्तच मनमोकळा असतो. धातूचा रूळ तापला की वाढतो. पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक धरला तर आमच्या पंधरा मीटरांच्या फेऱ्यात साडेसात-आठ मिलिमीटर जास्तीचे उगवतात. ते कुठे जाणार? जागा ठेवली नाही तर रूळ सापासारखा वळतो. म्हणून दोन रुळांमध्ये बारीक फटी सोडायच्या, जशा जुन्या मोठ्या रेल्वेत सोडत. त्या फटींवरून जाताना आमची गाडीही टक्‌टक्‌ करते, इतक्या हळू की ते ऐकायला पंखा बंद करावा लागतो, आणि मे महिन्यात पंखा बंद करून रेल्वे ऐकणारा माणूस घरात फार काळ आदराने वागवला जात नाही. दुसरी धूळ. खरी धूळ सत्त्याऐंशीपट लहान होत नाही. ती तशीच पडते, आणि गाडीतल्या माणसांच्या मापाने पाहिलं तर रोज त्यांच्यावर गोटे कोसळतात. रुळांवर धूळ बसली की बारा व्होल्टचा प्रवाह अडखळतो आणि गाडी मध्येच विचारात पडते. मग स्टुलावर चढून, स्पिरिटच्या बोळ्याने सगळी लाइन पुसत जायचं. पूर्वी आई चिंचेने हंडे घासायला याच स्टुलावर चढायची. तीच फळी, तोच हात उंचावलेला, तीच मानेला रग.

तिसरी पाल. आमच्या घरात ती वडिलोपार्जित आहे. वीतभर पाल म्हणजे फळीवरच्या लोकांच्या हिशेबाने तेरा मीटरचं जनावर. ती ट्यूबलाइटमागून निघते, पिंपळगाव स्टेशनच्या छपरावर हात टेकते, आणि गाडी येताना पाहत राहते. गाडी तिच्यापर्यंत आली की थांबवावी लागते. खऱ्या पीजेसमोर म्हशी येत, ड्रायव्हर शिट्टी देई, म्हशी विचार करत. इथे शिट्टी नाही; मी खालून टाळी वाजवतो. आणि चौथं, पडणं. सात फुटांवरून डबा खाली आला तर त्याच्या मापाने तो एकशे पंच्याऐंशी मीटरच्या कड्यावरून कोसळला, कुतुबमिनारच्या अडीचपट. म्हणून फळीच्या कडेला बोटभर उंच पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी लावली. त्या पट्टीने जीव वाचतात, पण दर्शन अजून थोडं कमी होतं.

कारण उंचावरच्या रेल्वेचं खरं दुःख हे, की ती खालून दिसत नाही. उभ्या माणसाला डब्यांच्या खिडक्यांचा वरचा काठ आणि छप्पर सरकताना दिसतं; बसलेल्याला तेही नाही. मी बारीक बारीक रंगवलेली खिडकीतली म्हातारी, तिच्या मांडीवरचं गाठोडं, हे सगळं पालीला आणि मला ठाऊक. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांना खुलं. तिथे अख्खं नगर नजरेखाली मांडलेलं, गाड्या येतायत, सिग्नल पडतायत, पोरं कठड्याला नाक लावून उभी. तो खरा शहाणपणा. वरून पाहिलं की माणूस क्षणभर देव होतो. आमच्या घरी मात्र देव वर आणि भक्त खाली असा जुनाच प्रकार. झोपाळ्यावर आडवं पडून पाहिलं तर तळ्याच्या बुडाशी बसून होड्यांची पोटं मोजल्यासारखं वाटतं. यावर उपाय म्हणून दाराच्या चौकटीवरचा तुकडा मी लाकडाऐवजी ॲक्रिलिकचा केला. आता दारातून आत येणाऱ्याच्या डोक्यावरून, त्याला नकळत, एक रेल्वे जाते. वर पाहिलं तर चाकं दिसतात, फिरणारा दांडा, आणि डब्याच्या पोटाखालचा अंधार. भुसावळजवळ तापीच्या पुलाखाली उभं राहून मालगाडी पाहिली आहे त्यांना हे दृश्य नवं नाही. बाकीचे लोक चप्पल काढता काढता दचकतात.

घरातली रेल्वे ही चैन खरी, पण तिच्यावर आमच्याच भाषेच्या माणसांची एक जुनी मोहोर आहे. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला गेले, राजे झाले, आणि त्यांच्यातल्या माधवराव महाराजांना रेल्वेचं असं वेड, की जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी चांदीची आगगाडी फिरवली. ती आजही तिथे पाहायला मिळते. ती पाहुण्यांपुढून मद्याच्या काचपात्रांसह फिरायची. कुणी पात्र उचललं की आपोआप थांबायची, परत ठेवलं की पुढे निघायची. एकदा व्हाइसरॉयच्या मेजवानीत ती बिथरली आणि थांबायचं विसरून सुसाट फिरत बड्या पाहुण्यांच्या कपड्यांवर रस्सा उडवत राहिली, असा किस्सा सांगतात. खरा असो नसो, मला तो पटतो. रेल्वेला मोठ्या माणसांची पर्वा नसते, हे प्लॅटफॉर्मवर उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. आईला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्यांची गाडी कामाची होती." मग थोडं थांबून: "तुझीले निदान बडीशेप तरी आणू दे." तेव्हापासून एका उघड्या वाघिणीत बडीशेप असते. पोचते ती सात फुटांवर, त्यामुळे ती काढायला स्टूल लागतं, आणि स्टूल आणेपर्यंत ती पहूरला गेलेली असते.

सगळ्यांत आस्थेने पाहणी केली ती शेजारच्या काकांनी. त्यांच्या आयुष्याची पन्नास वर्षं केळीत गेली. शेंदुर्णीच्या पुढे मी रुळांच्या कडेला हिरव्या कागदाची केळीची बाग लावली होती, एकेक झाड तीन-साडेतीन सेंटिमीटरचं, पानं कात्रीने फाडून वाऱ्याने चिरल्यासारखी केलेली. काका स्टुलावर चढले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, डोळे भरून आले असावेत. मग ते म्हणाले, "लागवड लय दाट केली रे. घड भरणार नाही." पाच बाय पाच फुटांवर हवं, हे त्यांनी बोटांनी मोजून दाखवलं, म्हणजे आमच्या मापात सतरा मिलिमीटर. निम्मी झाडं उपटली. दोन दिवसांनी ते पुन्हा आले. "पाणी कशाने देतो?" आता केळी आणि ठिबक नाही, हे जळगाव जिल्ह्यात कागदालाही शोभत नाही. ठिबकची सोळा मिलिमीटरची काळी नळी सत्त्याऐंशीने भागली की शिलाईचा धागा उरतो. आईच्या मशिनवरचं काळं रीळ घेतलं आणि ओळीओळींनी धागा अंथरला. ते खालून कुणालाही दिसत नाही. स्टुलावरूनही नीट दिसत नाही. पण काका आता आमच्याकडे आले की वर पाहतात, मान डोलावतात आणि पावसाचं बोलायला लागतात. बागेची काळजी मिटलेल्या माणसाचा चेहरा होतो त्यांचा.

हंड्यांचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. ते खाली आले. काही पोटमाळ्यावर गेले, दोन मोठे अंगणात तुळशीशेजारी आहेत, आणि एक घागर हलवायला आईने नकारच दिला. ती तिच्या माहेरची, तिच्या आईने लग्नात दिलेली. ती फळीवरच राहील, तुझ्या रेल्वेने बाजूने जावं. रेल्वेपुढे डोंगर आला की बोगदा करतात. घागर फोडता येत नाही. मिस्तरींना परत बोलावलं, त्यांनी तिथे फळी चार बोटं रुंद केली, आणि रुळांना बाहेरून एक वळसा दिला. पीजेच्या खऱ्या मार्गावर असा वळसा कुठे नसेल, पण आमच्या नकाशातलं सगळ्यांत देखणं ठिकाण तेच झालं आहे. गाडी भिंत सोडून जरा पुढे येते, पितळेच्या त्या मोठ्या गोल पोटात तिचं प्रतिबिंब आधी लांबतं, मग जाडं होतं, मग निघून जातं. तिथे स्टेशन नाही, तरी मी गाडी थोडी हळू करतो. आई खालून ते ओळखते. काही म्हणत नाही.

आता अडचण बोदवडची आहे. पाचोरा ते बोदवड चौऱ्याऐंशी किलोमीटर. फेऱ्या वाढवून ते भागेल. पण लाइन ब्रॉडगेज झाली की नऊ मिलिमीटरचा रूळ खोटा ठरणार. एकोणीसचा लागेल, तो बाजारात सहज मिळत नाही, वळणं मोठी घ्यावी लागतील, आणि मोठं वळण या खोलीत बसत नाही. मिस्तरींचं मत पडलं की स्वयंपाकघराची भिंत पाडून दोन्ही खोल्या एक कराव्यात. खांब भक्कम आहेत, धाबं तोलून धरतील, तीन-चार आठवड्यांचं काम. ते हे आईसमोर बोलले. तिने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि विचारलं, "सरकारची गाडी सुरू झाली का, मिस्तरी?" ते म्हणाले, "नाही अजून." "मग होऊ द्या ना तिले आधी," आई म्हणाली, आणि बडीशेपेसाठी स्टूल पुढे सरकवलं.